गिऱ्हाईकाच्या संगणकात पायरेटेड सॉफ्टवेअर आढळल्यास दुरुस्ती करणाऱ्याने काय करावे?

भांडुपकर

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला माझे लॅपटॉप आणि डेस्कटॉप दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. एक प्रश्न बऱ्याच काळापासून मनात आहे आणि नुकत्याच आलेल्या एका कामामुळे तो आणखी पुढे ढकलणे शक्य राहिलेले नाही, म्हणून येथे सविस्तर मांडतो.

बिजागऱ्या, कीबोर्ड, स्क्रीन, बॅटरी अशी कामे असतात तेव्हा यंत्रात कोणते सॉफ्टवेअर आहे याच्याशी आमचा संबंध येत नाही. तो येतो फॉरमॅटच्या कामात. गिऱ्हाईक लॅपटॉप टेबलावर ठेवते आणि सांगते, "सगळं होतं तसंच टाकून द्या." त्यात विंडोज, ऑफिस, टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ असे बरेच काही येते आणि पुष्कळदा त्यांपैकी कशाचेही लायसन्स घरात किंवा कार्यालयात नसते.

आता आलेले काम एका कर सल्लागारांच्या कार्यालयातील डेस्कटॉपचे आहे. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत आहे आणि तिच्या जागी एसएसडी बसवायची आहे. आत पाहिले तर विंडोज, ऑफिस आणि टॅली तिन्ही क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवून चालवलेली. मी हे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी आधीच्या दुकानाचे बिल काढून दाखवले. त्यावर तिन्ही नावे एका ओळीत लिहून पुढे एकच ढोबळ रक्कम मांडलेली आहे. पैसे मोजले म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे, आणि मी काही अडवणूक करतो आहे असे त्यांना वाटू लागले आहे.

मला मार्गदर्शन हवे आहे ते असे. मी स्वतः क्रॅक टाकणार नाही, एवढे माझे ठरलेले आहे. परंतु जुन्या डिस्कचा जसाच्या तसा क्लोन, म्हणजे प्रोग्रामसकट हुबेहूब नक्कल, करून नव्या एसएसडीवर दिला, तर ते "टाकून देणे" होते का? यंत्रात असे काही दिसल्यावर ते कोणाला कळवण्याची जबाबदारी माझ्यावर येते का? आणि गिऱ्हाईकाला दुखावल्याशिवाय हे कसे सांगावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ग्रँटरोडकर

भांडुपकर, तुमचा निश्चय योग्य आहे, पण "मी क्रॅक टाकणार नाही" एवढे सांगून थांबलात तर गिऱ्हाईकाच्या हाती काहीच पडत नाही. आपल्या कामाचा खरा भाग त्यानंतर सुरू होतो, आणि तो म्हणजे या माणसाकडे हक्काचे काय आहे हे शोधून काढणे. लॅमिंग्टन रोडच्या आसपास या धंद्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि माझ्या अनुभवाने सांगतो, ज्या लॅपटॉपवर डुप्लिकेट विंडोज दिसते, त्यांतल्या कितीतरी लॅपटॉपच्या पोटात मूळ विंडोजचे लायसन्स शाबूत असते.

त्याचे कारण तुम्हाला ठाऊक असेल, तरी नव्यांसाठी लिहितो. 2012 मध्ये विंडोज 8 आले तेव्हापासून कंपन्या विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्येच, लिहून देतात. खाली चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेली की तेव्हापासून बंद झाली. पुढे कधीतरी लॅपटॉप बिघडतो, कोणीतरी फॉरमॅट करताना त्याच्या पेनड्राइव्हवर असलेले विंडोज प्रो टाकतो आणि ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा क्रॅक, चालवून मोकळा होतो. घेतला तेव्हा त्या लॅपटॉपबरोबर विंडोजची होम सिंगल लँग्वेज ही आवृत्ती आलेली असते, त्याचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच भरलेले असतात, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तीच आवृत्ती स्वच्छ पद्धतीने पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडले की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. गिऱ्हाईकाचा एक पैसा जास्त जात नाही.

म्हणून फॉरमॅटच्या आधी पाच मिनिटे काढून कमांड प्रॉम्प्टवर "एसएलएमजीआर /डीएलव्ही" (slmgr /dlv) ही आज्ञा चालवावी. जी खिडकी उघडते तिच्यात एक ओळ चॅनलची असते. तेथे ओईएम (यंत्राबरोबर आलेले लायसन्स) किंवा रिटेल (सुटे विकत घेतलेले) असे दिसले, तर बहुधा चिंतेचे कारण नसते. घरगुती लॅपटॉपवर तेथे "व्हॉल्यूम केएमएस क्लायंट" दिसले आणि खाली 180 दिवसांच्या आतली मुदत दिसली, की ॲक्टिव्हेटर चालवलेला असावा असे समजावे. केएमएस ही ॲक्टिव्हेशनची पद्धत मोठ्या संस्थांसाठी आहे. संस्थेच्या जाळ्यात विंडोजचे किमान 25 संगणक असल्याशिवाय त्यांचा सर्व्हर ॲक्टिव्हेशन देतच नाही. दोन खोल्यांच्या घरातल्या एकुलत्या लॅपटॉपला असा सर्व्हर कोठून मिळणार?

येथे एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. तोच लॅपटॉप एखाद्या कंपनीचा असेल आणि कर्मचारी तो परस्पर दुरुस्तीला घेऊन आला असेल, तर केएमएस पूर्णपणे कायदेशीर असू शकते. अशा वेळी आरोपाच्या सुरात काही बोलू नये आणि फॉरमॅटही करू नये. "यंत्र कंपनीचं आहे का?" हे आधी विचारावे आणि उत्तर होकारार्थी आले तर त्यांच्या आयटी विभागाकडे पाठवावे. एखाद्याच्या प्रामाणिकपणाबद्दल चुकीचा ग्रह करून घेण्यापेक्षा एक प्रश्न जास्त विचारणे केव्हाही चांगले.

जुन्या यंत्रांबद्दलही थोडे लिहितो. विंडोज 7 चे स्टिकर दाखवून विंडोज 10 किंवा 11 ॲक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2023 मध्ये बंद केली, त्यामुळे त्या स्टिकरच्या भरवशावर गिऱ्हाईकाला शब्द देऊ नका. बाजारातून जुना मदरबोर्ड आणून बसवलात, तर त्याच्या बायोसमध्ये दुसऱ्याच कोणत्या तरी लॅपटॉपची की असू शकते. विंडोज कदाचित ॲक्टिव्हेट होईल, पण ते लायसन्स मूळ यंत्राचे आहे, हे गिऱ्हाईकाला सांगितलेच पाहिजे.

सुटेभाग_जोगेश्वरी

वरील सर्व माहिती मोलाची आहे, परंतु व्यवहाराची दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर एक जण पाचशे रुपयांत विंडोज, ऑफिस आणि मागाल ते टाकून देतो. मी गिऱ्हाईकाला लायसन्सची गोष्ट समजावून सांगतो, ते शांतपणे ऐकून घेते आणि यंत्र उचलून तिकडे जाते. दुकानाचे भाडे, कारागिराचा पगार आणि विजेचे बिल माझेही थांबत नाही. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने 2018 मध्ये जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात 2017 साली भारतातील संगणकांवरचे 56 टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना असल्याचे म्हटले होते. निम्म्याहून अधिक बाजार जेथे एका बाजूला आहे, तेथे एकट्या दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या बाजूला उभे राहायचे म्हणजे काय, याचा विचार व्हावा.

मी स्वतः आता सॉफ्टवेअरचे कामच घेत नाही. फक्त हार्डवेअर. माझ्या मते सर्वांनी तेच करावे आणि पायरेटेड यंत्राला हातच लावू नये.

अधिवक्ता_परळ

मी व्यवसायाने वकील आहे आणि संगणक दुरुस्तीचे मला फारसे ज्ञान नाही, परंतु भांडुपकर यांच्या पहिल्या दोन प्रश्नांना कायद्यात बरीच स्पष्ट उत्तरे आहेत. हे सर्वसाधारण विवेचन आहे, एखाद्या विशिष्ट प्रकरणात स्वतंत्र सल्ला घ्यावा.

प्रताधिकार अधिनियम 1957 च्या कलम 63 प्रमाणे जाणूनबुजून प्रताधिकाराचा भंग करणारा आणि त्या भंगाला साहाय्य करणारा असे दोघेही दोषी ठरतात. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय दिला, त्यामुळे "फार तर दंड भरू" ही दुकानदारांमध्ये रूढ असलेली समजूत धोक्याची आहे. कलम 63 ब खास संगणक प्रोग्रामसाठी आहे. नक्कल बेकायदा आहे हे माहीत असून तिचा संगणकावर वापर करणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि वरीलप्रमाणेच दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते आणि पन्नास हजारांपर्यंत दंडावर थांबू शकते. घरी निबंध लिहिणारा विद्यार्थी आणि कर सल्लागाराचे कार्यालय यांच्यात कायदा असा फरक करतो, आणि भांडुपकरांच्या गिऱ्हाईकाने हा फरक समजून घेणे त्यांच्याच हिताचे आहे.

आता क्लोनविषयी. कलम 52 मध्ये प्रोग्रामची राखीव प्रत करण्याची मुभा आहे, परंतु ती मूळ प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला आहे. क्रॅक केलेल्या प्रोग्रामला ही मुभा लागू होत नाही. जुन्या डिस्कचा संपूर्ण क्लोन करताना तुम्ही गिऱ्हाईकाचा डेटाही उतरवता आणि बेकायदा प्रोग्रामची आणखी एक नक्कलही तयार करता, तीही मोबदला घेऊन आणि वस्तुस्थिती माहीत असताना. माझ्या वाचनाप्रमाणे हे टाळावे. डेटा तेवढा नव्या डिस्कवर उतरवावा, प्रोग्राम उतरवू नयेत, आणि जुनी डिस्क पाकिटात घालून, पावती घेऊन मालकाला परत करावी. ती डिस्क त्यांची मालमत्ता आहे. तिच्यावर जे आहे ते पुसण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

खबर देण्याविषयी सांगायचे तर, प्रत्येक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देण्याचे बंधन सामान्य नागरिकावर नसते. ज्या गुन्ह्यांबाबत ते आहे त्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्ये दिलेली आहे आणि तीत प्रताधिकारभंग येत नाही. उलट, दुरुस्तीसाठी विश्वासाने दिलेल्या यंत्रातील डेटा मालकाच्या परवानगीशिवाय पाहणे किंवा उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 43 व 66 खाली तुमच्याच अंगाशी येऊ शकते. कामाला लागेल तेवढेच पाहावे आणि जे दिसले ते मालकाशीच बोलावे.

सुटेभाग_जोगेश्वरी यांच्या अखेरच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. क्रॅक असलेल्या यंत्राची स्क्रीन बदलणे किंवा त्यातील डेटा वाचवणे याने प्रताधिकाराच्या भंगाला कोणते साहाय्य होते, असे मला दिसत नाही. काळजी घ्यायची ती दुकानात ठेवलेल्या वस्तूंची. कलम 64 प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा पोलिस अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा नकला आणि त्या तयार करण्याची साधने जप्त करू शकतो. क्रॅक केलेल्या सेटअपने भरलेली जी हार्ड डिस्क बहुतेक दुकानांच्या खणात असते, ती याच व्याख्येत बसते. आणि जप्तीच्या वेळी गिऱ्हाइकांची यंत्रेही त्याच टेबलावर असतात. जप्त वस्तूत ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना पंधरा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पण ज्या माणसाने विश्वासाने लॅपटॉप दुरुस्तीला टाकला त्याच्यावर ती वेळ का यावी?

माहितीरक्षक

कायद्याची भीती दाखवून गिऱ्हाईक क्वचितच वळते, असे मला वाटते. त्याला त्याच्या स्वतःच्या यंत्राची अवस्था दाखवावी. मी लहान कार्यालयांच्या संगणक सुरक्षेचे काम करतो आणि दर वेळी एकच गोष्ट पडद्यावर उघडून दाखवतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस संरक्षणाच्या सेटिंगमध्ये शेवटी "एक्सक्लूजन्स" नावाची यादी असते. ज्या जागा तपासायच्या नाहीत त्या तेथे लिहिलेल्या असतात. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर त्या यादीत एकच नोंद होती, "सी कोलन", म्हणजे संपूर्ण सी ड्राइव्ह. ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून कोणीतरी कधीतरी ती नोंद करून ठेवली होती आणि तेव्हापासून विंडोजचा डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू असूनही त्या ड्राइव्हकडे पाहत नव्हता. त्याच संगणकावरून संस्थेच्या बँक खात्याचे व्यवहार होत होते. सचिवांना मी काही समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. ती एक ओळ त्यांनी वाचली आणि बँकेचे पासवर्ड आधी कसे बदलायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

पासवर्ड त्याच यंत्रावरून बदलू नयेत, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. क्रॅकबरोबर येणाऱ्या चोरट्या प्रोग्रामांपैकी अनेक जण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून बाहेर पाठवतात, आणि पुढचे पासवर्डही तसेच जातील. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून किंवा फोनवरून बदलावेत. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

"स्टॉप" किंवा "डीजेव्हीयू" या नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर रॅन्समवेअर तर मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरच्या फायलींतूनच पसरत आले आहे. फुकट फोटोशॉपच्या शोधात असलेल्या माणसाच्या घरातील लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, सगळे कुलूपबंद होते आणि एका मजकूर फाईलमध्ये खंडणीची रक्कम लिहिलेली असते. अशी यंत्रे घेऊन येणारी माणसे पाहिली की पाचशे रुपयांत मिळालेल्या त्या सोयीचा मला मनापासून राग येतो.

दुसरी गोष्ट अपडेटची. क्रॅक पकडला जाईल या भीतीने विंडोजचे अपडेट बंद करून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरले, तेव्हा ज्या छिद्रातून ते शिरत होते ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेले होते. दोन महिने हाताशी असलेले औषध ज्यांनी घेतले नव्हते, त्यांना ते बाधले. आता विंडोज 10 चे नेहमीचे अपडेटही 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबले आहेत, त्यामुळे "अपडेट बंद" असलेली यंत्रे आणखी वाढणार आहेत.

सफाईसाठी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधने आहेत. तरीही क्रॅक चाललेल्या यंत्रावर मी सफाईवर भागवत नाही, स्वच्छ फॉरमॅटच करतो.

छपाईघर

मी गिरगावात पत्रिका, पावतीपुस्तके आणि मंडळांचे अहवाल छापून देणारे छोटे छपाईघर चालवते. गिऱ्हाईक म्हणून माझी बाजू मांडते, कारण येथे सगळे दुरुस्ती करणारेच बोलत आहेत.

आमच्यासारख्यांच्या संगणकावर पानांच्या मांडणीसाठी पेजमेकर 7, चित्रांसाठी कोरलड्रॉ आणि मराठी फॉन्टचे पॅकेज एवढ्यावर सगळा धंदा उभा असतो. पेजमेकरची ती आवृत्ती 2001 ची. ॲडोबीने त्यानंतर नवी आवृत्ती काढली नाही, आणि तरीही वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या मजकुराच्या फायली तिच्यातच आहेत. दुरुस्तीवाल्या दादांनी एक दिवस येऊन "हे सगळं बेकायदेशीर आहे, मी टाकणार नाही" असे म्हटले आणि ते निघून गेले, तर गणपतीच्या तोंडावर माझे यंत्र बंद पडते. कायदा माझ्या बाजूने नाही हे मला कळते, पण पुढे काय करायचे हे कोणी सांगायचे?

आमच्याकडे येणाऱ्या तंत्रज्ञाने ते सांगितले आणि त्यांची मी ऋणी आहे. त्यांनी सर्वप्रथम कोणते सॉफ्टवेअर रोज लागते आणि कोणते केवळ जुन्या फायली उघडण्यापुरते लागते, हे शेजारी बसून माझ्याकडून वदवून घेतले. मराठी फॉन्टच्या पॅकेजचे यूएसबी लॉक सासऱ्यांनी रीतसर विकत घेतलेले होते, ते कपाटातील जुन्या पावत्यांच्या डब्यात सापडले. ते नव्या यंत्राला चालेल का, हे त्यांनी विक्रेत्याला फोन करून विचारले. रोजच्या कामासाठी मी कोरलड्रॉ विकत घेतले. पत्रव्यवहार आणि दरपत्रकांसाठी ऑफिसऐवजी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर टाकले. ते पेजमेकरच्या फायलीही उघडते, ही माहिती मला नवीन होती. जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर त्यात नीट लागत नाही, मांडणी हलते, हे खरे आहे. पण निदान फाईलमध्ये काय आहे ते दिसते आणि पुन्हा मांडता येते.

नवीन सगळे काम आता युनिकोडमध्ये करतो. मुक्त आणि बलू हे मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने केलेले देवनागरी फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, ते छपाईतही देखणे दिसतात. मराठी टाइप करण्यासाठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. ज्या गोष्टी रीतसर फुकट मिळतात त्यांच्यासाठीही आम्ही वर्षानुवर्षे चोरीच्या सीडी वापरत होतो, कारण या गोष्टी आहेत हेच आम्हाला कोणी सांगितले नव्हते. दुरुस्ती करणाऱ्यांनी एवढे सांगितले तरी आमच्यासारख्यांचे मोठे काम होईल.

ग्रँटरोडकर

छपाईघर ताईंनी लिहिले ते प्रत्येक दुरुस्तीवाल्याने वाचावे. सुटेभाग_जोगेश्वरी यांनी सॉफ्टवेअरचे काम बंद केले, पण त्यामुळे ते गिऱ्हाईक पाचशे रुपयांवाल्याच्या हाती अधिकच सहज गेले. त्यांच्या भाड्याची अडचण मला मान्य आहे. माझा मार्ग असा की, सॉफ्टवेअर शोधणे, जुळवणे, डेटा वाचवणे आणि शिकवणे याचे वेगळे पैसे बिलात लावावेत. लिबरऑफिस फुकट असले तरी ते बसवायला आणि दोन तास शेजारी बसून दाखवायला लागणारा वेळ फुकट नाही, आणि तो असा स्वच्छ लिहून मागितला तर लोक देतात. आपण आजवर आपल्या श्रमाचे पैसे चोरीच्या सॉफ्टवेअरच्या आड लपवून घेत आलो, म्हणून त्या श्रमाला किंमतच उरली नाही. पुण्यात कैलाश काटकर यांचा प्रवास कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरू झाला, पुढे गिऱ्हाइकांची संगणक यंत्रे व्हायरसने बिघडतात हे पाहून त्यांच्या भावाने त्यावर प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. सॉफ्टवेअर विकून पोट भरणारी माणसे आपल्याच धंद्यातून, आपल्याच राज्यातून निघालेली आहेत, याचा आपल्याला विसर पडू नये.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर क्रॅकची गरजच फारशी नसते. वास्तुकला किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑटोकॅड शिक्षणासाठी मोफत मिळते, व्हिडिओ संकलनाला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. मुलाला महाविद्यालयाच्या ईमेलने नोंदणी करायला सांगा आणि शेजारी बसवून करून घ्या.

भांडुपकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या उत्तरांच्या आधारे त्या कर सल्लागारांचे काम मार्गी लावत आहे.

क्लोन केला नाही. एसएलएमजीआर चालवून पाहिले, बायोसही तपासले. डेस्कटॉप सुटे भाग आणून जुळवलेला असल्याने त्यात कोणतीही की नव्हती, म्हणून विंडोजचे लायसन्स त्यांना विकत घ्यावे लागले. एक्सक्लूजन्सची यादी त्यांना त्यांच्याच पडद्यावर दाखवली. तेथे ॲक्टिव्हेटरच्या फोल्डरबरोबरच डाउनलोड्सचे फोल्डरही होते. अशिलांचे पॅन आणि बँकेचे तपशील याच यंत्रावर आहेत हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले आणि त्यानंतर आमच्यातला ताण पुष्कळ कमी झाला. टॅलीचा डेटा फोल्डर वेगळा उतरवून ठेवला आहे. लायसन्स येईपर्यंत टॅली शैक्षणिक मोडमध्ये चालवून त्यातील कंपन्या आणि खाती उघडतात की नाही, एवढे पाहून घेतले. त्या मोडमध्ये महिन्याच्या ठरावीक तारखांचीच नोंद करता येते, त्यामुळे त्यावर प्रत्यक्ष काम करता येणार नाही हेही त्यांना सांगितले. ऑफिस घ्यायचे की लिबरऑफिसवर भागवायचे, हे त्यांचे अजून ठरलेले नाही. विवरणपत्रांसाठी ते एक्सेलच्या मॅक्रो असलेल्या फायली वापरतात आणि त्या लिबरऑफिसमध्ये चालतील याची खात्री मला देता येत नाही.

दुकानात यंत्र जमा करून घेताना जी जॉबशीट भरतो, तिच्यात पुढील मजकूर छापून घेण्याचा विचार आहे: "आम्ही विनापरवाना सॉफ्टवेअर बसवत नाही व त्याची नक्कल करून देत नाही. आपल्या यंत्रातील लायसन्सची तपासणी करून आपल्याला माहिती दिली जाईल. यंत्रातील बेकायदा सॉफ्टवेअरची जबाबदारी सर्वस्वी ग्राहकाची राहील." अधिवक्ता_परळ यांनी कृपया यावर नजर टाकावी.

अधिवक्ता_परळ

पहिली दोन वाक्ये उत्तम आहेत, ती तशीच ठेवावीत. तिसरे काढून टाकावे. त्या वाक्यामुळे तुम्ही यंत्र जमा करून घेतानाच, काहीही तपासण्याआधी, ग्राहकाला दोषी धरता, आणि तुमच्या स्वतःच्या हातून काही गैर घडल्यास असे वाक्य तुम्हाला वाचवणारही नाही. त्याऐवजी दोन गोष्टी लिहाव्यात: तपासणी कामापुरतीच केली जाईल आणि आढळलेली माहिती ग्राहकाशिवाय इतर कोणालाही दिली जाणार नाही, आणि जुनी डिस्क बदलल्यास ती ग्राहकाला परत केली जाईल. मजकूर मराठीत आणि वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात असावा, त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी आणि एक प्रत त्यांना द्यावी.

बिलावर विंडोजचे लायसन्स स्वतंत्र ओळीत, आवृत्तीच्या नावासह आणि किमतीसह लिहा. आधीच्या दुकानाच्या बिलात नेमकी हीच ओळ नव्हती, आणि त्यामुळेच त्या गृहस्थांना आपण काय विकत घेतले हे कधी कळले नाही.

भांडुपकर

सुचवल्याप्रमाणे मजकूर बदलला आहे. नवी जॉबशीटची वही छापायला छपाईघर ताईंकडेच द्यावी म्हणतो. ताई, युनिकोडमध्ये टाइप करून फाईल पाठवतो, दर कळवावा.

छपाईघर

जरूर पाठवा, दादा. कार्बनच्या दोन प्रतींची पन्नास पानांची वही होईल, क्रमांक घालून देईन. सहीसाठी खाली पुरेशी जागा सोडा, फॉर्म भरताना लोकांना ती नेहमी कमी पडते.